सोनूस, कॅप्चर्सच्या फोल्डरबद्दल

नाशिक,
रविवार सकाळ

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. गेम मधेच अडकतो, सी ड्राइव्ह लाल झालाय, पडद्यावर कसल्या तरी पट्ट्या येत होत्या, आणि मैत्रिणीने सांगितलेली कमांड टाकल्यापासून गेम उघडला की एक चौकट सारखी पुढे येते. दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं, लग्नाच्या अल्बमचे फोटो निवडणं चाललं होतं, म्हणून मी ‘उद्या बघू’ म्हणालो आणि फोन ठेवला. ते मला रात्रभर लागून राहिलं. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर मोकळा आहे, तेव्हा सगळं नीट लिहूनच पाठवतो. लॅपटॉप पुढ्यात घेऊन वाच.

आधी त्या चौकटीचं. पॉवरशेलमधे, म्हणजे कमांड टाकायच्या खिडकीत, टाकलेल्या त्या कमांडने तू एक्सबॉक्स गेम बार, म्हणजे विंडोजची गेम रेकॉर्ड करायची सोय, मुळासकट काढून टाकलीस. पण बाकीच्या विंडोजला ते कुणी सांगितलेलं नाही. गेम सुरू झाला की विंडोज गेम बारला हाक मारते, ती सापडत नाही, मग ‘एमएस-गेमिंगओव्हरले ही लिंक उघडायला नवीन ॲप लागेल’ असं तुला विचारत बसते. भाडेकरू खोली सोडून गेला तरी पोस्टमन त्याच्याच नावाने दार वाजवतो ना, तसं. तेव्हा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधे जा, गेम बार शोध आणि पुन्हा बसवून घे. चौकट थांबेल. नको असलेलं सेटिंगमधून बंद करता येतं, त्यासाठी उपटून काढायची गरज नाही. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची आतली नोंदवही, बदलण्याचे उपायही कुणी ना कुणी सांगेल. परीक्षा जवळ आलेली असताना त्यात हात घालू नकोस.

आता ही गेम बार म्हणजे काय ते समजून घे. 2015 साली आपल्याकडे सिंहस्थ होता. तू आठ वर्षांची होतीस, माझ्या खांद्यावर बसून पंचवटीतली गर्दी बघितली होतीस. त्याच वर्षी 29 जुलैला विंडोज 10 आली आणि तिच्यासोबत ही गेम रेकॉर्ड करायची सोय आली. बरोबर एक महिन्याने, 29 ऑगस्टला पहिली पर्वणी, आणि मी पहाटेपासून रामकुंडावर कॅमेरा घेऊन उभा. तेव्हा मला या गेम बारची काही कल्पना नव्हती. पुढे दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि जी चुकून एकत्र दाबलं गेलं तेव्हा ती पहिल्यांदा समोर आली. तुला दिसायच्या त्या पट्ट्या याच. तुझ्या कंट्रोलरवर मधे जे एक्सबॉक्सचं बटण आहे, त्यानेही ती उघडते. सेटिंग्जमधे गेमिंग, त्यात गेम बार, तिथे कंट्रोलरच्या बटणाची खूण काढून टाकलीस की खेळता खेळता ती मधे येणार नाही.

पण तुझा लॅपटॉप अडकतो त्याचं कारण पट्ट्या नाहीत, असं मला वाटतं. कारण त्यांच्या मागे चाललेलं रेकॉर्डिंग आहे.

माझ्या मोठ्या कॅमेऱ्यात प्री-रेक नावाची सोय आहे, तुला दाखवली होती. भटजी शेवटचं ‘सावधान’ म्हणतात, अंतरपाट खाली येतो, मुलगी मान वर करून बघते. दोन सेकंदांचा खेळ. बटण दाबायला क्षणभर उशीर झाला तर तो चेहरा गेला, आणि त्या मुलीचं लग्न काही मी पुन्हा लावू शकत नाही. म्हणून प्री-रेक चालू ठेवलं की कॅमेरा सतत मागचे काही सेकंद स्वतःजवळ धरून ठेवतो, पुढचे आले की जुने सोडून देतो. मी बटण दाबलं की ते धरलेले सेकंदसुद्धा कार्डवर उतरतात. सोय फार चांगली आहे. पण कॅमेरा त्या काळात एक क्षणही निवांत नसतो, तापतो, बॅटरी भराभर उतरते. म्हणून मी ती मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी लावतो आणि अक्षता पडल्या की काढतो. पंगत चालली असताना ती लावून ठेवण्यात काय अर्थ?

गेम बारमधे हेच आहे. सेटिंग्ज, गेमिंग, मग कॅप्चर्स. तिथे ‘रेकॉर्ड व्हॉट हॅपन्ड’ असं लिहिलेलं दिसेल. ते मुळात बंद असतं, म्हणजे कधीतरी तूच ते चालू केलं असणार, एखादा चांगला डाव हातातून निसटला म्हणून. ते चालू असलं की गेमभर मागचे 30 सेकंद धरून ठेवले जातात. ही मुदत 10 मिनिटांपर्यंत वाढवता येते, तू किती ठेवलीयस ते बघ. मग विंडोज, अल्ट आणि जी दाबलं की तेवढा तुकडा फाइल होऊन पडतो. म्हणजे तू काही न दाबताही लॅपटॉप सगळा वेळ चित्र घेतोय, आकाराने लहान करतोय, ड्राइव्हवर लिहितोय. हल्लीच्या ग्राफिक्स चिपमधे या कामाला वेगळा भाग असतो, त्यामुळे चांगल्या मशीनला ते जाणवत नाही. तुझा लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, त्यात ड्राइव्ह काठोकाठ भरलेला. त्याला ते झेपत नाही.

ते बंद कर. बॅटरीवर असतानाही रेकॉर्ड करायचं का, याचीही तिथे वेगळी खूण आहे. पुढे कधी हे चालू केलंस तरी तेवढी बंदच ठेव. रेकॉर्डिंग करायचंच असेल तेव्हा विंडोज, अल्ट आणि आर दाब, सुरू होईल. तेच पुन्हा दाबलं की थांबेल. कोपऱ्यात छोटी पट्टी येते, वेळ पुढे सरकताना दिसते, तिच्यावर नजर ठेवायची सवय कर. कारण थांबवायला विसरलीस तर ठरवून दिलेली मर्यादा संपेपर्यंत ते चालतच राहतं, आणि ही मर्यादा मुळात दोन तासांची असते. मी तर म्हणेन अर्ध्या तासावर आण.

सी ड्राइव्हचं आता तुझं तुलाच कळेल. व्हिडिओज नावाच्या फोल्डरमधे कॅप्चर्स म्हणून दुसरं फोल्डर आहे, सगळं तिथे साठतं. हिशोब सोपा आहे. सेकंदाला 10 मेगाबिट धर, तर मिनिटाला 75 एमबी, तासाला साडेचार जीबी. माझ्या जुन्या मिनी डीव्हीच्या एक तासाच्या कॅसेटमधलं फुटेज कॉम्प्युटरवर उतरवलं की सुमारे 13 जीबी व्हायचं, त्या मानाने हे कमीच. पण कॅसेट कपाटात दिसायची. शंभर झाल्या की तुझी आई म्हणायची, आता ठेवू कुठे? फोल्डर भरतंय ते असं कुणाच्या डोळ्यावर येत नाही. दिवाळीत आलीस तेव्हा काळी हार्ड डिस्क तुझ्या बॅगेत घातली होती, ती काढ. हवं तेवढं तिच्यावर टाक. पुढे लॅपटॉपला दुसरा ड्राइव्ह बसवला तर ते कॅप्चर्स फोल्डरच उचलून तिकडे हलवता येतं, मग नवीन फाइली आपोआप तिथे जातात.

सेकंदाला फ्रेम 30 ठेवायच्या की 60, हे तू विचारलं होतंस. मी आयुष्यभर लग्नं 25 वर केली. गेममधे हालचाल फार, 60 वर ती गुळगुळीत दिसते हे खरं, पण मशीनला काम जास्त पडतं आणि फाइलही फुगते. मैत्रिणींना दाखवायला 30 पुरे. तू म्हणतेस तसे खेळ शिकवायचे व्हिडिओ खरंच करायला लागलीस तर तेवढ्यापुरतं 60 कर. आणि ते कर, मला आवडेल. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी डेस्कटॉप दाखवायचा होता तेव्हा गेम बारने नकार दिला, ती बिघडलेली नव्हती. ती एकाच ॲपची खिडकी रेकॉर्ड करते, डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर तिला चालत नाहीत. त्यासाठी ओबीएस नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घे, फुकट आहे, मी इथे तेच वापरतो.

आणखी एक शंका मला आहे. तुझ्याकडे नुसती गेम बार नसणार. तू गेम जिथून घेतेस त्या स्टीमचा स्वतःचा ओव्हरले, म्हणजे गेमच्या वर उघडणारा पडदा, आहे, शिफ्ट आणि टॅबने उघडतो, आणि 2024 पासून त्यातही रेकॉर्डिंग आलंय. एनव्हिडियाच्या कार्डाबरोबर त्यांचा येतो, अल्ट आणि झेडने. त्यातल्या इन्स्टंट रिप्लेचं काम प्री-रेकसारखंच. गप्पांच्या डिस्कॉर्ड ॲपचा वेगळा. एका मांडवात तीन पार्ट्या शूटिंगला आल्या की काय होतं ते तू पाहिलंयस, सगळे एकमेकांच्या फ्रेममधे आणि नवरा-नवरी दोन्हीकडे मान वळवून थकलेले. एकच ठेव, कोणताही. बाकीच्यांचं त्यांच्या त्यांच्या सेटिंगमधे जाऊन बंद कर. पण सगळं एकदम नको. एक बंद कर, दहा मिनिटं खेळ, मग दुसरं. गेम बारमधे परफॉर्मन्सची एक चौकट आहे, ती पिन करून ठेवलीस की सीपीयू, जीपीयू, रॅम खेळता खेळता दिसतात. ते आकडे वहीत लिही. कोणाच्या बंद होण्याने फरक पडला ते तुला स्वतःला दिसेल, मग पुढच्या वेळी मला फोन करायची गरज राहणार नाही. तरी कर.

आता माइकबद्दल. खरं तर यासाठीच पत्र लिहायला बसलो.

मी हा धंदा नवीन सुरू केला होता तेव्हाची गोष्ट आहे, तुझ्या जन्माआधीची. पंचवटीतलं एक लग्न. कन्यादानाला मुलीच्या वडिलांच्या उपरण्याला कॉलर माइक लावला होता. विधी झाला, गडबडीत मी तो काढायला विसरलो, आणि ते तसेच मागच्या दाराने स्वयंपाकघराकडे गेले. रात्री हेडफोन लावून मिक्सिंगला बसलो. चित्रात व्याही हसत फोटो काढताहेत, आणि कानात त्या गृहस्थांचा आवाज. जेवणवाल्याला सांगत होते, आठ दिवस थांब, माझ्या मुलीच्या सासरी कळू देऊ नकोस. आवाज दबलेला, मधे एकदा भांडं पडलेलं, मग काही वेळ नुसता श्वास. चार मिनिटं होती ती. मी हेडफोन काढून ठेवला आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. परत येऊन ती चार मिनिटं पुसली आणि तिथे सनई टाकली. त्यांना हे कधीच कळलं नाही. तुझ्या आईशिवाय मी कुणाला बोललो नव्हतो, आज तुला सांगतोय.

तेव्हापासून माइक लावला की काढायची वेळ माझ्या हाताला माहीत असते.

गेम बारमधे माइकचं चिन्ह आहे. विंडोज, अल्ट आणि एम दाबलं की चालू-बंद होतं. नुसता गेमचा आवाज घ्यायचा, कॉम्प्युटरचा सगळा घ्यायचा की काहीच नाही, हे गेम बारच्या सेटिंगमधे वेगळं ठरतं. पण माइक चालू असला की खोलीतला आवाजही त्यात गेलाच. होस्टेलच्या खोलीत तुम्ही तिघी राहता. एकीचा घरून फोन येतो, दुसरी झोपेत बोलते, तू खेळत असतेस. त्यांना कुठे ठाऊक असणार की रेकॉर्डिंग चालू आहे? रेकॉर्ड सुरू करण्याआधी चिन्हावर रेघ आहे का, म्हणजे माइक बंद आहे का, बघ. बोलायचंच असेल तर त्या दोघींना सांग, की आता माझा माइक चालू आहे. एवढं वाक्य मी प्रत्येक लग्नात प्रत्येक माणसाला म्हणतो.

दिवाळीत तू हॉलमधे खेळत होतीस, गेम तसाच सोडून फराळाला आत गेलीस, आणि आत्या तिच्या घरचं आईला सांगत होती. ते तुझ्या क्लिपमधे गेलं आणि क्लिप तुझ्या ग्रुपवर गेली. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो, ते चुकलं माझं. शेजारी बसून हे चिन्ह दाखवायला हवं होतं. ग्रुपवरून तू ती काढलीस, पण कॅप्चर्समधे ती अजून असणार, तू तिथलं काही पुसलेलं नाहीस. तारखेने लाव, पाडव्याच्या दिवसाची शोध. हार्ड डिस्कवर काही टाकायच्या आधी ती पूस, रिसायकल बिनमधूनही काढ. मग आत्याला एक फोन कर. ती रागावलेली नाही, पण वाट बघतेय. संध्याकाळी सातनंतर ती घरी असते.

तुझे,
बाबा