अख्खी कॉन्फिग.लॉग वाचणाऱ्या ताईंस

ताई,

सप्रेम नमस्कार. आभार नाव घेऊन मानावेत असं वाटत होतं, पण ‘नाव कुठेही नको’ असं तुम्ही बजावलंत. म्हणून पत्र जाहीर आणि नाव खाजगी. एलटीटीएनजी (लिनक्समध्ये आत काय घडतंय ते घटनांगणिक नोंदवणारं, म्हणजे ट्रेस करणारं साधन) सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधताना अडलेल्या आणखी कुणाच्या हाती हे पडलं, तर तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही कामी यावं एवढ्यासाठी तांत्रिक भाग फारसा गाळलेला नाही.

आधी ज्यांनी ‘मदत’ केली त्यांच्याबद्दल बोलतो, कारण राग अजून पुरता उतरलेला नाही. एकांनी सांगितलं, ‘पॅकेज टाका ना, सोर्सच्या नादी कशाला लागता?’ रेपोमधली, म्हणजे तयार पॅकेजच्या साठ्यातली, आवृत्ती जुनी होती आणि कर्नल मॉड्यूल्स (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, भरायचे कोडचे भाग) तर तिथे नव्हतीच, हे आधीच लिहून दिलेलं होतं. दुसऱ्यांचं म्हणणं, ‘सगळं कंटेनरमध्ये करा.’ कंटेनर यजमान मशीनचाच कर्नल वापरतो, मग मॉड्यूल भरायचं कुठे? आणि ज्या सपोर्टला पैसे मोजले जातात, त्यांनी कॉन्फिग.लॉगच्या (बांधणीआधी मशीन तपासणाऱ्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टच्या नोंदीच्या) शेवटच्या वीस ओळी मागवल्या, ‘यात एरर दिसत नाही’ असं उत्तर दिलं आणि तिकीट बंद केलं.

दिसणार कशी? ऑटोकॉन्फ या साधनाने बनवलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट जी कॉन्फिग.लॉग लिहिते, तिच्या शेवटी एरर नसतेच. शेवटी असतात कॅश व्हेरिएबल्स, आउटपुट व्हेरिएबल्स आणि कॉन्फडेफ्सची लांबलचक यादी. खरी एरर त्याच्या वर, फाइलच्या पोटात असते. कोणती चाचणी फसली, त्यासाठी कोणता छोटा सी प्रोग्रॅम संकलित करायला घेतला आणि लिंकर नेमकं काय बोलला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. सुरुवातीच्या ओळींत कॉन्फिगर कोणत्या पर्यायांनी चालवलं ती अख्खी कमांडही असते. हे माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण माहीत नसताना तिकीट बंद करणं?

तुम्ही पहिल्याच निरोपात म्हणालात, ‘तुकडा नको, पूर्ण फाइल पाठवा. सोबत यूनेम-आर आणि ओएस-रिलीजचं (कर्नलच्या आणि प्रणालीच्या आवृत्तीचं) आउटपुट.’ आणि उत्तर आलं ते ओळ क्रमांकासकट. ‘अमुक ओळ पाहा. पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररी शोधून देणाऱ्या साधनाला) लिबयूआरसीयू (एलटीटीएनजीला लागणारी लायब्ररी) सापडत नाहीये, आणि सर्वांत वरच्या कमांडमध्ये त्याला नवी जागा सांगितलेलीच नाही.’ हजारो ओळींच्या त्या रुक्ष फाइलमधली मधलीच एक ओळ नेमकी उचलायची, तर ती फाइल कुणीतरी खरोखर वाचलेली असावी लागते. ताई, आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या वाचण्याचे. नंतरची सगळी उत्तरं मोलाचीच, पण विश्वास बसला तो त्या ओळ क्रमांकावर. आपण लिहिलेलं समोरच्याने वाचलंय, एवढी साधी गोष्ट हल्ली इतकी दुर्मीळ झालीय की ती मिळाल्यावर क्षणभर काय बोलावं ते सुचत नाही.

कारणही तुम्ही नीट उलगडून सांगितलंत. सोर्सवरून बांधलेलं सगळं, वेगळं काही सांगितलं नाही तर, यूएसआर-लोकल फोल्डरखाली जातं. डेबियन आणि उबुंटूवर पीकेजी-कॉन्फिग तिथे आपणहून पाहतं. रेड हॅट कुळातल्या प्रणालींवर पाहत नाही. नेटवर सापडणाऱ्या बहुतेक कृती उबुंटूवाल्यांनी लिहिलेल्या असतात, त्यामुळे ही पायरी त्यांत नसते आणि लायब्ररी समोर असूनही कॉन्फिगर ‘नाही’ म्हणतं. उपाय एका ओळीचा: कॉन्फिगर चालवण्याआधी पीकेजी-कॉन्फिग-पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यूएसआर-लोकल-लिबमधल्या पीकेजीकॉन्फिग फोल्डरकडे वळवायचं.

हाच भेद पुढे प्रोग्रॅम चालवतानाही नडतो, हे तुम्ही न विचारता सांगितलंत. डायनॅमिक लिंकरही (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडणारा) या प्रणालींवर यूएसआर-लोकल-लिबमध्ये शोधत नाही. मेक इन्स्टॉल बिनतक्रार होतं आणि सेशन डीमन (ट्रेसिंग सांभाळणारा, पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) सुरू करताच ‘शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही’. त्यासाठी ईटीसीमधल्या एलडी.एसओ.कॉन्फ.डी फोल्डरात त्या जागेचं नाव लिहिलेली एका ओळीची फाइल ठेवायची आणि सूडो (रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने कमांड चालवणारं) लावून एलडीकॉन्फिग चालवायचं. एलडी-लायब्ररी-पाथ लावून वेळ मारून नेता येते, पण सूडो ते व्हेरिएबल गाळून टाकतं. म्हणजे साध्या युजरला चालतं आणि रूटला चालत नाही, आणि कर्नल ट्रेसिंगसाठी डीमन रूटनेच चालवायचा असतो. ‘सूडो: एलटीटीएनजी: कमांड नॉट फाउंड’ हा त्याचाच भाऊबंद. सूडोच्या सिक्युअर-पाथमध्ये यूएसआर-लोकल-बिन नसलं की हे होतं.

बांधायचा क्रम तुम्ही चार शब्दांत दिलात: यूआरसीयू, यूएसटी (साधे प्रोग्रॅम ट्रेस करणारी लायब्ररी), टूल्स (कमांड आणि डीमन), बॅबलट्रेस (ट्रेस वाचून दाखवणारं). मॉड्यूल्स या साखळीबाहेर, कधीही बांधा. यूआरसीयू पहिलं, कारण यूएसटी आणि टूल्स दोघांनाही ते लागतं. यूएसटी टूल्सच्या आधी, कारण टूल्सचं कॉन्फिगर ते शोधतं. फक्त कर्नल ट्रेस करायचा असेल तर ‘विदाउट-एलटीटीएनजी-यूएसटी’ हा पर्याय देऊन त्याला वगळता येतं. यूएसटी, टूल्स आणि मॉड्यूल्स तिन्ही एकाच मालिकेतली घ्यायची, २.१३ तर तिन्ही २.१३. (या २.१३ चं नाव ‘नॉर्डिसिते’. माँट्रियलमध्ये वाढलेल्या या प्रकल्पाच्या आवृत्त्यांना क्वेबेकच्या बिअरची नावं देतात, तीही वर्णानुक्रमे. ही माहिती तुमच्या निरोपात कंसात होती आणि त्या दिवसभरातलं पहिलं हसू त्यावर आलं.)

गिटवरून घेतलेल्या सोर्समध्ये कॉन्फिगर नसतंच, आधी बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट चालवावी लागते. त्यासाठी ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल आणि टूल्ससाठी वर फ्लेक्स, बायसन. प्रकाशित टारबॉलमध्ये कॉन्फिगर तयार मिळतं. टूल्सना लिबएक्सएमएल२ आणि पॉप्ट यांची डेव्हलपमेंट पॅकेजं लागतात, नुसती लायब्ररी पुरत नाही. मॅन पेजेससाठी अॅस्कीडॉक आणि एक्सएमएलटूची ओढाताण नको असेल तर ती कॉन्फिगरच्या पर्यायानेच बंद करायची. हे सगळं सरळ आहे, यावर जास्त लिहीत नाही.

मॉड्यूल्सचा भाग मात्र सरळ नव्हता, आणि इथे तुमचा खरा हात दिसला. कर्नलच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळणारं कर्नल-डेव्हल (मॉड्यूल बांधायला लागणारं पॅकेज) टाकलेलं असूनही मेक (बांधणीची कमांड) एका प्रोबवर (ट्रेसपॉइंटला, म्हणजे कर्नलमधल्या नोंदीच्या जागेला, जोडणाऱ्या भागावर) येऊन थांबत होतं: ट्रेसपॉइंटच्या फंक्शनचे प्रकार जुळत नाहीत. याआधी मिळालेला सल्ला होता, ‘कर्नल बदला.’ प्रॉडक्शनच्या मशीनवर! तुम्ही लिहिलंत की एलटीटीएनजीची मॉड्यूल्स कर्नलच्या आवृत्तीचा आकडा बघून ठरवतात की अमुक ट्रेसपॉइंटचे आर्ग्युमेंट्स जुने की नवे. एंटरप्राइझ वितरणं (रेड हॅटसारखी, कंपन्यांसाठीची लिनक्स) आकडा जुनाच ठेवतात आणि पुढच्या कर्नलमधले बदल मागे आणून त्यात बसवतात, म्हणजे बॅकपोर्ट करतात. आकडा एक सांगतो, आत वेगळंच असतं. म्हणून एलटीटीएनजीच्या सोर्समध्ये रेड हॅट, उबुंटू वगैरेंच्या कर्नलसाठी वेगळे मॅक्रो ठेवलेले आहेत आणि दर नव्या बॅकपोर्टमागे कुणीतरी ते हाताने वाढवत बसतं. त्यामुळे पहिला उपाय, त्याच मालिकेतली सर्वांत ताजी स्टेबल आवृत्ती घेणं, पंधरवड्यापूर्वी उतरवलेली नव्हे. तेवढ्यानेही भागलं नाही तर प्रोब्सच्या केबिल्ड फाइलमधून तो एक प्रोब वगळायचा. त्या उपप्रणालीच्या घटना मिळणार नाहीत, बाकी सगळं बांधलं जाईल. व्हर्च्युअल मशीन चालवायचीच नसतील तर केव्हीएमच्या प्रोबसाठी अख्खं काम अडवून ठेवण्यात काय अर्थ, हा तुमचा सवाल बिनतोड होता.

कर्नलच्या कॉन्फिगमध्ये काय तपासायचं तेही त्यात होतं: मॉड्यूल्स, ट्रेसपॉइंट्स, इव्हेंट ट्रेसिंग, हाय-रिझोल्यूशन टायमर आणि कॉलसिम्स (कर्नलमधल्या नावांची यादी). कर्नल ५.७ पासून कॉलसिम्समधून नाव शोधणारं फंक्शन मॉड्यूल्सना उघडं राहिलं नाही, त्यामुळे एलटीटीएनजी ते केप्रोबच्या (चालत्या कर्नलमध्ये हवं तिथे डोकावण्याच्या सोयीच्या) आडवाटेने मिळवतं. म्हणून नव्या कर्नलवर केप्रोब्सही चालू हवेत. वितरणाच्या कर्नलमध्ये हे बहुतेकदा असतंच. स्वतः छाटलेल्या एम्बेडेड कर्नलमध्ये पाहावं लागतं.

मेक झालं, मॉड्यूल्स-इन्स्टॉल झालं, डेपमॉड झालं, आणि मॉड्यूल भरणारं मॉडप्रोब म्हणतं की किल्ली नाकारली. हा सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला कोड भरू न देणारी सोय. मॉक्युटिलला (त्याच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या कमांडला) स्थिती विचारली की दोन शब्दांत कळतं. स्वतःची किल्ली तयार करायची, मॉक्युटिलने ती नोंदवायला द्यायची, रीबूट करायचं आणि त्या वेळी येणाऱ्या निळ्या पडद्यावर स्वीकारायची. तो पडदा काही सेकंदच थांबतो, म्हणून रिमोट सर्व्हरवर कन्सोल हाताशी असल्याशिवाय रीबूट नको, ही तुमची सूचना सोन्याची. मग कर्नल-डेव्हलमधल्या साइन-फाइलने प्रत्येक मॉड्यूलवर सही. आर्ग्युमेंट्सचा क्रम: हॅश, खाजगी किल्ली, प्रमाणपत्र, मॉड्यूल. कर्नल अपडेट झाला की बांधणी आणि सही दोन्ही पुन्हा.

यूएसटीबद्दल एकच गोष्ट नोंदवतो, कारण ती कुठलीही एरर न देता फसवते. २.१३ मध्ये लिबएलटीटीएनजी-यूएसटीचा एसओ क्रमांक (लायब्ररीच्या सुसंगततेचा आकडा) ० चा १ झाला. जुन्या लायब्ररीवर बांधलेलं अॅप्लिकेशन व्यवस्थित चालत राहतं, पण नव्या सेशन डीमनच्या यूजरस्पेस यादीत येतच नाही. अॅप्लिकेशन आणि त्याचे ट्रेसपॉइंट प्रोव्हायडर नव्याने बांधले की येतं. तरीही आलं नाही, तर एलटीटीएनजी-यूएसटी-डीबग व्हेरिएबल १ करून चालवायचं, नोंदणी कुठे अडली ते स्क्रीनवरच दिसतं. प्रोव्हायडर वेगळ्या .एसओ फाइलमध्ये असेल तर लिंकरचा ‘अॅज-नीडेड’ तिला निरुपयोगी समजून गाळत नाहीये ना, तेही पाहायचं.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना दानधर्म आठवतो. पण दर बॅकपोर्टमागे एक मॅक्रो वाढवणारी माणसं आणि अनोळख्याची लॉग फाइल उघडणारी तुमच्यासारखी माणसं कुठल्याच यादीत नसतात. तुम्हाला यातून काहीही मिळणार नव्हतं. उलट ज्यांना मिळत होतं त्यांनी वीस ओळी मागितल्या. हे टोमणे आता पुरे करतो, तुम्हाला ते आवडणार नाहीत.

तुमचा शेवटचा प्रश्न अजून उत्तराविना आहे: ‘बॅबलट्रेस डिस्कार्डेड इव्हेंट्सबद्दल (बफर भरल्याने गळालेल्या घटनांबद्दल) काही म्हणतं का?’ म्हणत होतं, भरपूर. तुम्ही सुचवल्याप्रमाणे कर्नलच्या ‘ऑल’ऐवजी शेड्युलरचं स्विच आणि वेकअप, आयआरक्यूची (हार्डवेअरच्या हाकांची) एंट्री-एक्झिट आणि ब्लॉकच्या (डिस्कच्या) घटना एवढंच चालू ठेवलं. चॅनलचा (घटना साठवणाऱ्या बफरांच्या गटाचा) सब-बफर १ एमबी, संख्या ८. म्हणजे प्रत्येक सीपीयूमागे ८ एमबी आणि १६ सीपीयूंच्या मशीनवर १२८ एमबी, ते परवडतं. एरवीच्या वेळी इशारा आता येत नाही. डेटाबेसचा बॅकअप चालू असताना मात्र अजून येतो, आणि तेव्हा ढीग असतो तो ब्लॉकच्या घटनांचा. त्यांना वेगळा चॅनल द्यावा, म्हणजे त्यांच्या गर्दीत शेड्युलरच्या घटना हरवणार नाहीत, असा विचार आहे. की ओव्हरराइट मोड (जुन्या घटनांवर नव्या लिहिणारा) लावून स्नॅपशॉटच घ्यावेत? सवडीने सांगा. या वेळी मेटाडेटासकट अख्खा ट्रेस पाठवतोय.

तुमचे कृतज्ञ,
ट्रेसिंगचं काम पाहणारे आम्ही सगळे