पिल्लांच्या जंतांच्या औषधाबद्दल, सुधाला

प्रिय सुधा,

जिन्याखाली व्यायलेल्या कुत्रीला तू आसरा दिलास, फार बरं केलंस. पिल्लं तीन आठवड्यांची झाली ना? मग जंतांचं औषध आता लांबवू नकोस. पहिला डोस खरं तर दोन आठवड्यांनाच देतात. गोल जंतांच्या अळ्या पिल्लं आईच्या पोटात असतानाच त्यांच्या अंगात शिरतात, आणि अंकुशकृमी (हुकवर्म) दुधातून येतात. रस्त्यावरची आई असली की पिल्लांना जंत आहेतच असं धरून चालावं.

पण शेजारच्या काकांनी दिलेली मोठ्या कुत्र्याची गोळी अंदाजाने मोडून देऊ नकोस, एवढं माझं ऐकच. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून प्रत्येक पिल्लू वेगळं तोल. एकाच वेतातलं एक ८०० ग्रॅमचं असतं, दुसरं जेमतेम ५०० चं. एवढ्या लहान पिल्लांना पायरँटेल नावाचं जंतांचं औषध चालतं, किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅम. म्हणजे ८०० ग्रॅमच्या पिल्लाला फक्त ४ मिलिग्रॅम. मात्र प्रत्येक बाटलीत औषधाचं प्रमाण वेगळं असतं, तेव्हा वजनं दाखवून किती मिली द्यायचं ते डॉक्टरांकडूनच लिहून घे. गुरांचं आयव्हरमेक्टिन नावाचं औषध किंवा लसूण कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. लसणाने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

औषध बिनसुईच्या सिरिंजने, गालाच्या कडेने, थेंब थेंब सोड. मान मागे वाकवलीस तर ते श्वासनळीत जाईल. नंतर शीमध्ये शेवयांसारखे जंत दिसले तर घाबरू नकोस, औषध लागू पडलंय.

एखाद्या पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या असतील, शी काळी चिकट होत असेल, अंग गार पडून ते दूधही ओढत नसेल, तर घरी औषध न देता त्याला लगेच दवाखान्यात ने. अंकुशकृमी रक्त पितात; इतकं लहान पिल्लू बघता बघता हातचं जातं. कधी कधी रक्तही चढवावं लागतं.

आईलाही त्याच दिवशी औषध दे, नाहीतर जंत तिच्याकडून पुन्हा येतील. पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायचं, कारण औषधाने आतड्यातले जंत जातात, पण अंगात फिरणाऱ्या अळ्या मागाहून तिथे पोचतात.

शी रोजच्या रोज उचल. गोल जंतांची अंडी मातीत दोनेक आठवडे राहिली की मग बाधतात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या माणसाच्या डोळ्यापर्यंतही जातात. चिऊला पिल्लांशी खेळू दे, पण नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तिला काही खाऊ देऊ नकोस.

डॉक्टरांकडे उद्याच जा. चारही पिल्लांची वजनं आणि त्यांनी सांगितलेला डोस मला कळव.

तुझी,
मीना