‘समानता ६ टक्के’ म्हणजे नेमके काय तपासले?

मा. संपादक,
स. न.

प्रबंधातला मजकूर इतरत्रच्या लिखाणाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने तपासून दिलेल्या प्रमाणपत्रावर ‘समानता ६ टक्के’ असे छापलेले दिसले की मार्गदर्शक, विभाग आणि विद्यापीठ तिघेही निर्धास्त होतात. इंग्रजी प्रबंधाच्या बाबतीत त्या आकड्याला थोडाफार अर्थ असतो. पण यवतमाळ, बुलढाणा, गडचिरोलीकडच्या तालुक्याच्या महाविद्यालयांतून मराठीत जे प्रबंध लिहिले जातात, त्यांच्याबाबत हा आकडा पुष्कळदा काहीच सांगत नाही.

पहिली गोची फॉन्टची. गावातल्या टायपिंगच्या दुकानांत अजून कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे जुने फॉन्ट चालतात. त्यांत वरून देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरे साठवलेली असतात. कागदावर ‘कपाशी’ छापून येते, सॉफ्टवेअरला दिसतो तो रोमन अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या देशपातळीवरच्या ऑनलाइन संग्रहात, तोच परिच्छेद युनिकोडमध्ये (आतही देवनागरीच साठवणाऱ्या पद्धतीत) असला तरी दोन्ही जुळायचे कसे? स्कॅन केलेली पीडीएफ तर निव्वळ चित्र. ओळख पटवायला तिच्यात अक्षरच नसते. तपासणी सोपी आहे, महागडे काही लागत नाही. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवा. देवनागरी उमटली तर ठीक, चिवडा उमटला तर ते प्रमाणपत्र बाजूला ठेवा. मग अहवालावरची शब्दसंख्या पाहा. प्रबंध ७० हजार शब्दांचा आणि सॉफ्टवेअरने मोजले ९ हजार, असे असेल तर बाकीचे कोणी वाचलेच नाही. युनिकोडमधूनही पीडीएफ करताना जोडाक्षरे तुटतात, म्हणून तपासणीसाठी मूळ वर्ड फाइलच घ्यावी.

दुसरी गोष्ट १४ शब्दांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत, योगायोगाने किंवा सर्वसामान्य ज्ञान म्हणून जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजणीतून वगळायची मुभा आहे. इंग्रजीत १४ शब्द म्हणजे जेमतेम एक वाक्य. मराठीत विभक्ती नि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘शेतकऱ्यांच्यासाठीसुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द. त्यामुळे मराठीची पुरी वाक्येच्या वाक्ये या सवलतीत बसून जातात. दर बारा-तेरा शब्दांनंतर एक शब्द फिरवला की नियमाच्या अंगाला हातही लागत नाही, आणि हे टक्के ‘उतरवून’ देणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

याच नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचे, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सादरच करायचे नाही, त्यापुढे नोंदणी रद्द. हे टक्के सगळ्यांना पाठ असतात. त्याच नियमांतली वाङ्मयचौर्याची व्याख्या मात्र सहसा कोणी वाचत नाही. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे, अशी ती आहे. सॉफ्टवेअरला अक्षरे कळतात, कल्पना कळत नाही.

म्हणूनच भाषांतराची चोरी सर्वांत सुरक्षित ठरते. मध्य प्रदेशातला हिंदी प्रबंध किंवा कर्नाटकातला इंग्रजी प्रबंध एआयकडून मराठीत उतरवून घेतला, तर समानता शून्याच्या आसपास येते. पूर्वी यासाठी निदान भाषांतर करणारा माणूस लागायचा, आता एक दुपार पुरते. पकडायचे असेल तर कोष्टकांपासून सुरुवात करावी, कारण आकडे भाषांतरित होत नाहीत. कोष्टकातले तीन-चार सलग आकडे इंग्रजी अंकांत (1, 2, 3) टाकून शोधावेत. मग उद्दिष्टे आणि गृहीतके हिंदीत व इंग्रजीत उलटवून शोधगंगेवर पाहावीत. प्रकरणांचा क्रम तोच, नमुन्याचा आकार तोच आणि फक्त जिल्ह्याचे नाव वेगळे, असे दिसले की थांबून चौकशी करावी.

टक्के उतरवण्याचा दुसरा धंदा म्हणजे मजकूर मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत फिरवणे. त्यात शब्द वाकडे होतात. इंग्रजी नियतकालिकांत अशा वाकड्या शब्दांवरूनच बनावट निबंध सापडले आहेत. तिथे ब्रेस्ट कॅन्सरचे ‘बुझम पेरिल’ (छातीचे संकट) झालेले २०२१ साली संशोधकांनी दाखवून दिले. आपल्याकडची खूणही तशीच. भंडारा-गोंदियाचा ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तो फिरून आला की ‘मामांचे तळे’ होऊ शकतो. ‘सालदार’ ‘वार्षिक कामगार’ होतो, ‘कोरडवाहू’ ‘सुकी शेती’ होते. या मातीतला विषय घेऊन दोन वर्षे फिरलेला विद्यार्थी सालदाराला वार्षिक कामगार म्हणेल का? मार्गदर्शकाने प्रबंध खरोखर वाचला असेल तर हे पहिल्या दहा पानांत ध्यानात येते. वाचला असेल तर.

संदर्भसूची ही एआयची सर्वांत उघडी जागा. तो शब्दामागून शब्द संभाव्यतेने जोडतो, त्यामुळे लेखक खरा, नियतकालिक खरे, पण तसा लेख कधी छापलाच गेला नाही, असा संदर्भ तो बेधडक देतो. इंग्रजी संदर्भाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला की खरे-खोटे लगेच कळते. मराठी पुस्तकांना ती सोय नाही. त्यावर तोडगा साधा आहे. सूचीतले कोणतेही दहा संदर्भ मार्गदर्शकाने निवडावेत, आणि विद्यार्थ्याने त्या पुस्तकाच्या प्रकाशनाची माहिती असलेल्या पानाचा व उद्धृत केलेल्या पानाचा मोबाइलने काढलेला फोटो आणून द्यावा. पुस्तक हातात धरले असेल त्याला पाच मिनिटांचे काम आहे.

सर्वेक्षणाचे आकडेही आता एआयकडून मागवले जातात. इथे गणित कामी येते. ६० शेतकऱ्यांचा नमुना असेल तर एक शेतकरी म्हणजे १.६७ टक्के. २२ जण म्हणजे ३६.६७, २३ जण म्हणजे ३८.३३. कोष्टकात ३७.५ टक्के दिसले तर ते ६० माणसांतून येऊच शकत नाही. शिवाय खऱ्या प्रश्नावलीत रकाने कोरे राहतात. सावकाराचे कर्ज कोणी सांगत नाही, कोणी जमीन एकरात सांगतो, कोणी हेक्टरात. ६० च्या ६० प्रश्नावल्या पूर्ण भरलेल्या असतील तर मूळ कागद मागवावेत.

उलट बाजूचीही एक चूक चालू झाली आहे. ‘एआयने लिहिले’ असे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचा कागद पुढे करून विद्यार्थ्याला दोषी ठरवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ओपनएआय कंपनीने स्वतःचेच असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध ही साधने यंत्राचे ठरवतात. साधे, तोलूनमापून लिहिलेले इंग्रजी म्हणजे एटापल्ली किंवा धारणीसारख्या आदिवासी तालुक्यातल्या मुलाचे इंग्रजी. त्याला शिक्षा द्यायची तर फाइलचा बदलांचा इतिहास, क्षेत्रकार्याची वही आणि तोंडी परीक्षा हे तीन पुरावे पाहावेत.

एआय वापरूच नये असे आमचे म्हणणे नाही. मराठीत विचार करणाऱ्याने इंग्रजी सारांशाची भाषा त्याच्याकडून तपासून घेतली, किंवा ‘काय-वर्ग’ (chi-square) ही संख्याशास्त्रातली चाचणी समजून घेतली, तर त्यात चोरी कसली? मात्र कोणते साधन, कोणत्या महिन्यात, कशासाठी वापरले, हे संशोधन पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत लिहावे. एआयला सहलेखक म्हणून दाखवता येत नाही, कारण मजकुराची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. प्रकाशनातील नीतिनियम पाहणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच हे स्पष्ट केले आहे. आणखी एक काळजी. आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या मुलाखती, आधार क्रमांक, सातबारा हे काहीही एआयच्या चौकटीत टाकू नये. परीक्षकाने दुसऱ्याचा अप्रकाशित निबंधही टाकू नये.

नियतकालिकांचे म्हणाल तर विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त संशोधन नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, चांगले-वाईट ओळखण्याचा भार महाविद्यालयांवर आला. दोन दिवसांत ‘तज्ज्ञ परीक्षण’ उरकून पैसे मागणाऱ्या अंकातला निबंध बढतीसाठी धरायचा की नाही, हे निवड समितीने निबंध वाचून ठरवावे, नियतकालिकाचा आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक पाहून नव्हे.

विद्यापीठांकडे आमची मागणी लहान आहे. मराठी प्रबंध युनिकोड वर्ड फाइलमध्येच स्वीकारावा. समानतेच्या प्रमाणपत्रावर टक्क्यांच्या शेजारी तीन गोष्टी छापाव्यात : किती शब्द तपासले, काय काय वगळले, आणि फाइल कोणत्या फॉन्टमध्ये होती. यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही, नमुना अर्जात तीन रकाने वाढवावे लागतात.

आपले,
ग्रामीण महाविद्यालयांतील काही ग्रंथपाल व संशोधन मार्गदर्शक,
दर्यापूर, जि. अमरावती