आईला उभं करणाऱ्यांचे आभार

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई रात्री भलतंच बडबडू लागली, मला ओळखेना. सगळे म्हणाले, वय झालं. रात्रपाळीच्या सिस्टर, तुम्ही मात्र ठामपणे म्हणालात, "हा डिलिरियम आहे, म्हणजे आजारपणात मेंदूचा होणारा तात्पुरता गोंधळ; उतरेल." पिशवीतून चष्मा आणि कानाचं मशीन काढून तुम्हीच तिला लावलंत, लघवीची नळी लवकर काढायला लावलीत. मावशी रोज वेणी घालताना तिला वार सांगायच्या, "आजी, आज गुरुवार बरं का!" फिजिओथेरपीवाल्या दादांनी तर दुसऱ्याच दिवशी वॉकर हातात दिला. निरोगी वृद्धांचेही 10 दिवस पडून राहिल्याने पायांचे स्नायू जवळपास 1 किलोने घटल्याचं 2007च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं! आई आता स्वतः स्वयंपाकघरापर्यंत चालते, मला नावाने हाक मारते. तुमची नावं ठाऊक नाहीत, म्हणून इथेच हात जोडते. फार मोठे उपकार केलेत.