ओंकारच्या प्रोग्रामला परवाना कोणता लावावा : मित्रास पत्र

पुणे

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा पेनड्राइव्ह, दोन्ही मिळाले. जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत आणणारा, चि. ओंकारने लिहिलेला रूपांतराचा प्रोग्राम तुझ्या त्रैमासिकाच्या जुन्या फाइलींवर चालवून पाहिला आणि तो उत्तम चालतो. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस : हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला करायचा तर त्याला कोणता परवाना लावावा, आणि तसे केल्याने आपल्या अंकांतील मजकुरावरचे हक्क जातील का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, त्याचे कारण पुढे लिहितो. पहिल्याला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण परवाना म्हणजे वकिलांनी लिहिलेला आणि कोणी न वाचण्याचा मजकूर अशी आपली सर्वांची समजूत असते, आणि जुने अंक उघडेनासे होऊन तुझ्या कार्यालयात आज जो खोळंबा झाला आहे तो माझ्या मते नेमका त्या न वाचलेल्या मजकुरातून आलेला आहे.

अंक लावण्यासाठी तू डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचे, ते पॅकेज रोख पैसे मोजून घेतले होतेस. ते चालवायचे तर संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात हार्डवेअर लॉक, म्हणजे किल्लीसारखे एक छोटे उपकरण, बसवावे लागे. पुढे नव्या संगणकांना तसे पोर्टच उरले नाही, लॉकचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चढेना, आणि ज्यांनी पॅकेज विकले ते जुन्या आवृत्तीबद्दल बोलायलाच तयार नाहीत. अंक तुझे, लेख तुझ्या लेखकांचे, मुद्रितशोधन वहिनींनी रात्री जागून केलेले. तरीही घर आपले आणि किल्ली भलत्याच्या कमरेला, अशी अवस्था झाली. तू ते पॅकेज 'विकत घेतले' असे आपण म्हणतो, पण त्या कराराप्रमाणे तुला फक्त ते वापरण्याची परवानगी मिळाली होती. ते उघडून पाहण्याची, दुरुस्त करण्याची किंवा दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेण्याची नव्हे.

ओंकारने यातले खरे अवघड काम कसे सोडवले आहे ते तुला सांगायला हवे, कारण तो स्वतःहून सांगणार नाही. जुन्या फॉन्टांत अक्षरे साठवली जात नसत, अक्षरांचे आकार साठवले जात. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर अर्धा ष, काना, वेलांटी, रफार असे तुकडे बसवलेले असत, आणि कोणता तुकडा कोणत्या जागी हे ज्याने त्याने आपापले ठरवलेले असे. भारतीय लिप्यांतली अक्षरे संगणकात साठवण्याचे भारतीय मानक ब्यूरोचे इस्की हे मानक १९९१ पासून उपलब्ध असूनही फॉन्टांच्या या मांडणीत एकवाक्यता नव्हती, म्हणूनच फॉन्ट गेला की तुझ्या संपादकीयाच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. आता तुझ्या वर्गणीच्या पावतीवरचा 'वार्षिक' हा शब्द घे. जुन्या फाइलीत तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने ठेवलेला आहे : व, काना, वेलांटी, ष, त्यावरचा रफार, मग क. युनिकोडमध्ये तोच शब्द उच्चाराच्या क्रमाने ठेवावा लागतो : व, काना, र, हलन्ताचे चिन्ह, ष, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी ष च्या नंतर न्यायची आणि रफार ष च्या आधी आणायचा, आणि 'मूर्च्छित' सारखा शब्द आला की एका अक्षराऐवजी अख्खे जोडाक्षर ओलांडून ही अदलाबदल करायची. शिवाय 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतला र वेगळा राखायचा. मी पूर्वी वापरलेल्या काही रूपांतरकांनी हा फरक सरसकट पुसून टाकला होता. ओंकारने तो राखला आहे.

असे काम एका पेनड्राइव्हवर पडून राहू नये हे तुझे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तथापि, 'नुसता इंटरनेटवर टाकून देऊ, ज्याला हवा तो घेईल' या तुझ्या सूचनेत एक अडचण आहे. आपला कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीतच धरतो आणि हक्क लिहिल्याक्षणी निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. त्यामुळे ज्या प्रोग्रामसोबत परवाना नाही तो खुला नसून बंद असतो : तो वाचता येईल, पण त्याची प्रत वाटण्याचा किंवा त्यात बदल करण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही, आणि जपून वागणारी माणसे अशा प्रोग्रामला हातच लावत नाहीत. आपण मनाने दिलेले कायद्याने दिले जावे यासाठी परवाना लिहायचा.

परवान्यांचा हा सगळा विचार सुरू झाला तोही अशाच एका रोजच्या वैतागातून, आणि मला तो प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रामर काम करीत. तेथील जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरला वाचता आणि बदलता येणारा मूळ मजकूर, हाताशी असल्यामुळे त्यांनी त्यात अशी सोय केली होती की कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तसा निरोप जाई. १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यातही कागद अडके, पण त्याचा सोर्स कोड मिळाला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता. त्याच्याकडे जाऊन मागितला तर गुप्ततेचा करार केला आहे म्हणून त्याने नकार दिला. दुरुस्ती करण्याचे ज्ञान होते, इच्छा होती, फक्त अधिकार नव्हता. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सर्वांना वापरता-बदलता येईल अशी संगणकप्रणाली लिहिण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती निघाली. कॉपीराइटचाच आधार घेऊन तो परवाना म्हणतो की हा प्रोग्राम वापरा, वाचा, बदला, वाटा, हवे तर विका. पण दुसऱ्याला द्याल तेव्हा सोर्स कोडही द्या आणि तुम्हाला मिळालेले हेच अधिकार त्यालाही द्या.

ओंकारने पत्रात सुचवलेला एमआयटी परवाना यापेक्षा कितीतरी सोपा आहे. आपले नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवा, बाकी काहीही करा, एवढीच त्याची अट. तो वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तुझ्या फोनवर आणि फायरफॉक्समध्ये मराठी जोडाक्षरे नीट जुळून दिसतात ती ज्या हार्फबझ या लायब्ररीमुळे, म्हणजे इतर प्रोग्रामांत वापरायच्या तयार कोडमुळे, तिचा परवाना याच सैल प्रकारचा आहे, आणि तसा असल्यामुळेच ती इतक्या ठिकाणी पोहोचली. परंतु या सैलपणाची दुसरी बाजूही पाहा. अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांची मिनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली बीएसडी या तशाच सैल परवान्याखाली आहे. इंटेलने तिच्यात बदल करून ती आपल्या प्रोसेसरांसोबत येणाऱ्या मॅनेजमेंट इंजिन या आतल्या छोट्या संगणकात घातली. २०१७ मध्ये हे उघड झाल्यावर टॅनेनबॉम यांनी इंटेलला खुले पत्र लिहिले. परवान्याचा कोणताही भंग झालेला नव्हता. तरीही परिणाम असा की शिकवण्यासाठी सर्वांपुढे ठेवलेली प्रणाली असंख्य संगणकांत एका बंद कप्प्यात चालत राहिली, आणि त्या संगणकांच्या मालकांना तो कप्पा उघडता येत नाही.

याच्या शेजारी लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती वायफाय राउटर ठेवून पाहा. त्यात जीपीएलखालील लिनक्स ही प्रणाली वापरली आहे हे २००३ साली लोकांच्या ध्यानात आले, आणि परवान्याच्या अटीमुळे कंपनीला तो सोर्स कोड प्रसिद्ध करावा लागला. त्यातून राउटरांसाठी खुली प्रणाली तयार करणारा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. ज्या राउटरांकडे उत्पादकांनी पाठ फिरवली अशा कित्येकांना त्याने पुढे वापरण्याजोगे ठेवले. एकाच पिढीतल्या या दोन घटना. फरक परवान्यातल्या एका अटीचा.

म्हणून माझे मत असे की ओंकारच्या प्रोग्रामला सैल परवाना लावू नये. उद्या कोणी हा प्रोग्राम घेऊन, त्याला नवे लॉक बसवून, तुझ्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या संपादकाला विकेल आणि दहा वर्षांनी दुकान बंद करील, तर आपण काय साधले? विकण्याला माझा विरोध नाही, जीपीएलचाही नाही. विकत घेणाऱ्याच्या हातात सोर्स कोड गेला पाहिजे एवढेच. त्यातही एक बारकावा आहे. रूपांतराची अशी कामे लोक हल्ली एखाद्या संकेतस्थळावर मजकूर चिकटवून करतात. तेथे प्रोग्राम दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालतो, वापरणाऱ्याच्या हाती तो येतच नाही, आणि त्यामुळे जीपीएलची सोर्स कोड देण्याची अट लागू होत नाही. जीपीएलच्याच घराण्यातल्या एजीपीएल या परवान्याच्या २००७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही फट बुजवली आहे : बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरायला दिला तरी वापरणाऱ्यांना त्याचा सोर्स कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. आपण तोच परवाना घ्यावा.

मात्र कोणत्या जागी कोणता आकार आहे हे सांगणारा जो तक्ता ओंकारने वेगळ्या फाइलीत ठेवला आहे, त्यावर मी एवढे बंधन घालणार नाही. तो क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या सीसी झिरोखाली, म्हणजे आपले सर्व हक्क सोडून, खुला करावा, म्हणजे कोणीही तो कशातही वापरू शकेल. आपला हेतू मजकूर वाचवण्याचा आहे, आणि तक्ता जितक्या प्रोग्रामांत जाईल तितका मजकूर वाचेल. जुन्या पॅकेजच्या फॉन्टचा असा तक्ता तयार करणे कायद्याच्या कक्षेत होते का, ही तुझी शंका रास्त आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात अशी मुभा आहे की ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे त्याने, आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी आवश्यक असलेली आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती मिळवली तर तो भंग ठरत नाही. तुझी खरेदीची पावती सापडत असेल तर ती जपून ठेव. आणि काही झाले तरी मूळ फॉन्टची फाइल आपल्या प्रोग्रामसोबत वाटू नका. फॉन्ट त्या पॅकेजवाल्यांचा आहे.

त्याऐवजी अंक पुन्हा लावताना खुले फॉन्ट वापर. रेड हॅटने दिलेला लोहित आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हे दोन्ही आता एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या फॉन्टांच्या परवान्याखाली आहेत. या परवान्याप्रमाणे फॉन्ट तुला छपाईत वापरता येतो, पीडीएफमध्ये घालता येतो, आणि एखादे जोडाक्षर मनासारखे नसेल तर ते बदलूनही घेता येते. फक्त मूळ कर्त्यांनी नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फॉन्टला वेगळे नाव द्यायचे, तो त्याच परवान्याखाली वाटायचा आणि नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. त्या फॉन्टमध्ये लावलेल्या मजकुराला हा परवाना चिकटत नाही. एजीपीएलचेही तसेच : प्रोग्राममधून बाहेर पडलेला मजकूर हा प्रोग्रामचा भाग नव्हे. तुझ्या अंकांचे हक्क आज ज्यांचे आहेत त्यांचेच राहतील. तेव्हा अंक इंटरनेटवर ठेवायचे झाल्यास परवानगी लेखकांची किंवा त्यांच्या वारसांची घ्यावी लागेल, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. ते काम परवान्याने सुटणारे नाही; त्यासाठी पत्रेच लिहावी लागतील.

ओंकारला एक गोष्ट आताच सांग. पुढे इतरांनी दुरुस्त्या पाठवल्या की त्या दुरुस्त्यांचा हक्क त्यांचा असतो, आणि परवाना बदलायचा म्हटले तर प्रत्येकाला विचारावे लागते. व्हिडिओ दाखवणाऱ्या व्हीएलसी प्लेयरच्या गाभ्याचा परवाना जीपीएलवरून एलजीपीएल या त्याहून सैल परवान्यावर नेताना त्या मंडळींना कित्येक जुन्या सहभागी प्रोग्रामरांचा शोध घेऊन संमती मिळवावी लागली होती. म्हणून निवड आज विचारपूर्वक करावी. शिवाय तो आता नोकरीत आहे, आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. हा प्रोग्राम त्याने घरी, स्वतःच्या संगणकावर लिहिला असला तरी नेमणूकपत्रातले ते कलम त्याने एकदा वाचावे आणि गरज वाटल्यास कंपनीकडून लेखी घ्यावे. त्यानंतर परवान्याचा पूर्ण मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवावा, प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर आपले नाव, वर्ष आणि परवान्याचे नाव लिहावे, आणि वापरण्याची रीत मराठीत लिहावी. हे वापरणारे बहुतेक जण डीटीपीवाले असतील, प्रोग्रामर नसतील.

तुझ्या पेनड्राइव्हवरच्या मूळ फाइली मी तशाच ठेवल्या आहेत, रूपांतरित प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. जाहिरातींच्या पानांवर बहुधा दुसराच फॉन्ट वापरलेला आहे, कारण तेथे तक्ता चालत नाही. त्या काळी ती पाने लावणाऱ्या गृहस्थांकडे फॉन्टचे नाव विचारून कळव, म्हणजे ओंकारला आणि मला त्याचा तक्ता करायला घेता येईल. वहिनींना नमस्कार सांग आणि रूपांतरित अंकांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांच्या नजरेखालून घाल. चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

तुझा,
अविनाश