जप्त केलेल्या फोनच्या आत काय होतं, याचीही पावती द्या

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : तपासात जप्त होणारे मोबाइल आणि लॅपटॉप

महोदय,

कोयता, रोकड, दुचाकी आणि मोबाइल या सगळ्यांची नोंद पंचनाम्यात एकाच साच्यातून होते. कंपनी, रंग, अंदाजे किंमत, फोन असेल तर आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), पंचांच्या सह्या, लाखेचं सील, आणि वस्तू मुद्देमाल कक्षात जमा. कोयत्यापुरतं हे ठीक आहे. तो कपाटात पडून बदलत नाही. फोन मात्र चालू केला की बदलतो, नेटवर्कला जोडला की बदलतो, आणि त्यात गुन्ह्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांचंही खासगी आयुष्य असतं.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी तपास आणि खटल्यांची पद्धत ठरवणारी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. सुधारणा चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या चित्रीकरणात दिसतो तो फोन. फोनमधला मजकूर दिसत नाही. पाकीट सीलबंद होताना सगळ्यांनी पाहिलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आतल्या मजकुराची ओळख पटवतो तो हॅश. फाइलवर गणिती प्रक्रिया करून मिळणारी ही अक्षरं-आकड्यांची ओळ. आतलं एक अक्षर बदललं तरी ती वेगळी येते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश लिहायची सोय केलेली आहे, म्हणजे कायद्याला त्याचं महत्त्व कळलेलं आहे. गोची वेळेची आहे. प्रमाणपत्र पुरावा सादर करताना द्यायचं असतं. हॅश तेव्हाच काढला, तर तो फक्त तिथून पुढची हमी देतो. जप्तीपासून तोवरचे सगळे महिने मोकळेच राहतात, आणि वाद नेमका त्याच महिन्यांबद्दल असतो.

पोलीस म्हणतील, कुलूपबंद फोनचा हॅश जागेवर कसा काढणार? बरोबर आहे. पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कचा काढता येतो, फोनचं तसं नाही. पण मग फोन नेटवर्कपासून तोडून सील करावा, सील मालकाच्या किंवा त्याच्या वकिलाच्या समोर फोडावं, त्यांच्या देखत आतल्या मजकुराची प्रत काढावी आणि त्या प्रतीचा हॅश तिथल्या तिथे लिहून मालकाच्या हाती द्यावा. आकाशातले तारे मागितल्यासारखं यात काही नाही.

भीमा कोरेगाव प्रकरण आपल्याच राज्यातलं. डिजिटल पुरावे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने २०२१ मध्ये आरोपींच्या वतीने अहवाल दिला, की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये जप्तीच्या आधीच बाहेरून फाइली घुसवल्या गेल्या होत्या. तपास यंत्रणेने तो अमान्य केला. खरं काय ते न्यायालय ठरवेल, त्यावर मी बोलणार नाही. जप्तीच्या वेळचा हॅशही असा आधीचा हस्तक्षेप पकडू शकला नसता, हेही कबूल केलं पाहिजे. पण आरोपींना डिस्कची प्रत मिळाली, म्हणून तर बाहेरच्या तज्ज्ञाला ती तपासता आली. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत आरोपीला मिळाली पाहिजे, पीडितेच्या खासगीपणाला धक्का लागत असेल तिथे न्यायालयाने वेगळी व्यवस्था करावी, असं सर्वोच्च न्यायालय २०१९ मध्येच सांगून बसलं आहे. प्रश्न इतकाच, की ही प्रत मागायला प्रत्येकाने कोर्टात अर्जावर अर्ज का करायचे?

आणि हे फक्त आरोपींचं गाऱ्हाणं नाही. ऑनलाइन फसवणूक झालेला फिर्यादी, फोनवरून छळ झालेली मुलगी, एखाद्या भांडणाचा व्हिडिओ काढणारा साक्षीदार, यांचेही फोन तपासासाठी लागतात. फोन एकदा जमा झाला की परत कधी मिळेल हे छातीठोकपणे कोणी सांगत नाही. ज्याच्या फोनमध्ये बँक, आधारचा ओटीपी आणि कामधंदा आहे, तो तक्रार द्यायला दहा वेळा विचार करतो. जप्त माल पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त पडून राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये म्हटलं होतं. तेव्हा डोळ्यांसमोर ठाण्याच्या आवारात गंजणाऱ्या गाड्या होत्या. फोन गंजत नाही म्हणून त्याला वेगळा न्याय का? प्रत काढून झाली की फिर्यादीचा आणि साक्षीदाराचा फोन सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाने मागितल्यास हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत करायला खरं तर कुणाची हरकत नसावी.

पासवर्डचा प्रश्न अजून मिटलेला नाही. पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. दिल्लीतल्या सीबीआय न्यायालयाने पुढच्याच वर्षी आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. ठाण्यात मात्र पासवर्ड विनंतीच्या सुरात मागितला जात नाही, हे आपणही जाणता. निदान फोन कोणी उघडला, किती वाजता आणि कोणासमोर, याची नोंद तरी व्हावी.

हे काम केंद्राचं आहे, असं उत्तर येऊ शकतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांचे फोन जप्त होण्याच्या प्रश्नावर केंद्राला खडसावलं आणि मार्गदर्शक तत्त्वं आणायला सांगितली. पुढच्याच महिन्यात केंद्राने सांगितलं, की ती येईपर्यंत केंद्रीय यंत्रणा सीबीआयची २०२० ची नियमपुस्तिका पाळतील. आपल्या ठाण्यातल्या उपनिरीक्षकाला त्या हमीचं बंधन नाही. पोलीस हा राज्य सूचीतला विषय आहे, आणि कलिना इथलं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं संचालनालयही आपल्याच खात्याच्या अखत्यारीत येतं. संहितेला धक्का न लावता पोलीस महासंचालकांचं एक परिपत्रक यातलं बहुतेक सगळं घडवून आणू शकतं. ते मराठीत असावं आणि प्रत्येक ठाण्यात दर्शनी भागात लावावं.

तोवर येत्या अधिवेशनात एक तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवावा, ही विनंती. आज राज्यातल्या मुद्देमाल कक्षांत आणि प्रयोगशाळांत मिळून किती फोन आणि लॅपटॉप पडून आहेत, त्यातले सहा महिन्यांहून जुने किती, आणि त्यांपैकी फिर्यादी-साक्षीदारांचे किती.

कळावे,
आपला,
राज्यातला एक मतदार