रविवारची सफर: परत कधी फिरायचे
सर्व सदस्यांनो, रविवारी सकाळी ६ वाजता धक्क्यावर जमायचे आहे. शिडे चढवण्यापूर्वी प्रत्येक कप्तानाने परत फिरण्याची आपली मर्यादा लिहून द्यावी.

- वारा सतत २२ नॉट (ताशी सागरी मैल) किंवा जास्त, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापावर ६ झाला, की सगळ्यांनी परत. तिथे चर्चा नको.
- पाठीमागचा वारा फसवा असतो, कमी वाटतो. १५ चा २० नॉट झाला तरी शिडावरचा दाब सुमारे पावणेदोन पट होतो, आणि परतताना तोच तोंडावर घ्यायचा असतो.
- बोट लागली (मळमळ, उलटी) तर लपवू नका, लगेच सांगा.

‘अर्धे अंतर तर आलोच’ हे कारण चालणार नाही. मागच्या खेपेला ते मीच दिले होते!